एक टारबॉल, दोन पॅकेजं: जेंटूतल्या पोस्टग्रेसच्या फाळणीचं आणि विलीनीकरणाचं प्रकरण

वेब सर्व्हरच्या मशीनवर पीएचपी बसवायचं आहे. डेटाबेस पोस्टग्रेसचा (पूर्ण नाव पोस्टग्रेएसक्यूएल) आहे, पण तो दुसऱ्या मशीनवर चालतो. मग पीएचपीला या मशीनवर पोस्टग्रेसमधलं नेमकं काय लागतं? डेटाबेसशी बोलणारी लिबपीक्यू नावाची काही शे किलोबाइटची एक लायब्ररी आणि तिच्या हेडर फाइली, म्हणजे ती वापरणारा प्रोग्राम बांधताना लागणारी वर्णनं. डेबियन या तयार पॅकेजं देणाऱ्या लिनक्स डिस्ट्रोवर तुम्ही त्या लायब्ररीचं छोटं पॅकेज टाकता आणि विषय तिथेच संपतो. जेंटू या डिस्ट्रोवर, जिथे मूळ कोड म्हणजे सोर्स आपल्याच मशीनवर कंपाइल करून पॅकेज बांधतात, हाच प्रश्न तीन वेगवेगळ्या मांडण्यांमधून गेला: आधी लायब्ररी आणि बाकी सगळं अशी दोन पॅकेजं, मग बेस, सर्व्हर आणि दस्तऐवज अशी तीन, आणि शेवटी सगळं मिळून एक. एवढ्या वेळा घडी मोडून पुन्हा घालावी लागली याचं कारण पोस्टग्रेसमध्ये कमी आणि सोर्समधून बांधणाऱ्या डिस्ट्रोच्या स्वभावात जास्त सापडतं.

डेबियनला हे सोपं का जातं ते आधी पाहू. तिथे सोर्स एकदाच बांधला जातो. सगळं तयार झालं की तयार फाइलींच्या याद्या करून त्यांची वेगवेगळी पॅकेजं पाडतात. डेबियन १२ मध्ये पोस्टग्रेस १५ च्या एकाच सोर्स पॅकेजमधून सर्व्हर, क्लायंट, लिबपीक्यू, तिच्या हेडर फाइली, दस्तऐवज, पीएल-पर्ल, पीएल-पायथन अशी बरीच पॅकेजं निघतात. कंपाइलचा खर्च त्यांच्या बिल्ड मशीनवर होतो, आणि तुमच्याकडे हवा तेवढाच तुकडा येतो. तुकडे जास्त पाडले म्हणून कोणाच्या खिशाला चाट बसत नाही.

जेंटूत पॅकेज कसं बांधायचं ते ईबिल्ड नावाच्या फाइलीत लिहितात, आणि एक ईबिल्ड म्हणजे एक पॅकेज. सोर्स उघडायचा, पॅच (सोर्समधले छोटे बदल) लावायचे, कॉन्फिगर, कंपाइल, मग एका तात्पुरत्या डिरेक्टरीत इन्स्टॉल, आणि तिथे जे जमलं ते सगळं मशीनवर उतरवायचं. या साखळीच्या टोकाला पॅकेज एकच निघतं. अर्ध्या फाइली एका नावावर आणि अर्ध्या दुसऱ्या नावावर नोंदवण्याची सोय पोर्टेजमध्ये, म्हणजे जेंटूच्या पॅकेज मॅनेजरमध्ये, नाही. हेडर फाइलींचं वेगळं पॅकेज जेंटूत दिसत नाही ते त्यामुळेच. दोन पॅकेजं हवीच असतील तर दोन ईबिल्ड लिहावे लागतात, आणि ते दोघं तोच टारबॉल (मूळ प्रकल्पाच्या सोर्सचं गाठोडं) दोनदा उघडून दोनदा कंपाइल करतात. तेही वापरणाऱ्याच्या मशीनवर, वापरणाऱ्याच्या विजेवर.

आता खुद्द टारबॉलकडे. त्यात क्लायंट कुठे संपतो आणि सर्व्हर कुठे सुरू होतो?

कागदावर उत्तर आहे. पोस्टग्रेसच्या इन्स्टॉलेशनच्या अधिकृत माहितीत फक्त क्लायंट बसवायचा असेल तर काय करायचं ते दिलेलं आहे: सोर्सच्या झाडातल्या बिन, इन्क्लूड आणि इंटरफेसेस या तीन डिरेक्टऱ्यांसाठी आणि दस्तऐवजांसाठी तेवढा मेक इन्स्टॉल चालवायचा. पण त्याच परिच्छेदात एक कबुलीही आहे, की बिनमध्ये काही प्रोग्राम फक्त सर्व्हरच्या कामाचे आहेत, पण ते लहान आहेत. म्हणजे पीएसक्यूएल आणि पीजी-डंप या क्लायंट प्रोग्रामांच्या शेजारीच सर्व्हरसाठीचे इनिट-डीबी, पीजी-सीटीएल आणि पीजी-कंट्रोलडेटा बसलेले असतात. ज्या मशीनवर डेटा डिरेक्टरीच नाही तिथे हे तिघं काय करणार?

जोड-साधनांच्या कॉन्ट्रिब डिरेक्टरीत याच्या उलट स्थिती. तिथे एचस्टोअर आणि पीजी-ट्रायग्रॅमसारखी सर्व्हरमध्ये लोड होणारी एक्स्टेन्शनं आहेत, आणि त्यांच्यातच व्हॅक्यूम-एलओ आणि ओआयडी-टू-नेम हे दोन निव्वळ क्लायंट प्रोग्राम राहतात. शिवाय ही सीमा एका जागी थांबतही नाही. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ९.५ मध्ये पीजी-बेंच आणि पीजी-अपग्रेड हे दोघं कॉन्ट्रिबमधून उठून बिनमध्ये गेले. पहिला क्लायंट आहे. दुसऱ्याला जुन्या आणि नव्या, दोन्ही सर्व्हरच्या बायनरी हाताशी लागतात. डिरेक्टरी मात्र दोघांची एकच. पॅकेजची रेषा डिरेक्टरीवरून आखणाऱ्याला त्या आवृत्तीला आपली आखणी पुन्हा तपासावी लागली असणार.

बिल्डच्या आत डोकावलं तर गुंता आणखी वाढतो. सोर्समधल्या पोर्ट आणि कॉमन या डिरेक्टऱ्यांतल्या फाइली दोन्ही बाजूंना लागतात, म्हणून पोस्टग्रेसचा बिल्ड त्या क्लायंटसाठी एकदा आणि सर्व्हरसाठी पुन्हा एकदा कंपाइल करून त्यांच्या वेगळ्या स्टॅटिक लायब्ररी बनवतो. क्लायंटचे प्रोग्राम बांधतानाही बॅकएंडच्या, म्हणजे सर्व्हरच्या गाभ्याच्या, बाजूच्या मजकुरातून निघणाऱ्या काही हेडर फाइली आधी तयार व्हाव्या लागतात. पीजी-कॉन्फिग हा प्रोग्राम तर दोन्ही घरचा पाहुणा: लिबपीक्यूला जोडून काही बांधणाराही लायब्ररीचा पत्ता त्यालाच विचारतो आणि सर्व्हरचं एक्स्टेन्शन बांधणाराही त्यालाच.

तर अशा टारबॉलचे जेंटूनं तुकडे पाडले. ८.० च्या काळात लिबपीक्यू हे स्वतंत्र पॅकेज होतं आणि बाकीचं पोस्टग्रेएसक्यूएल या नावाखाली होतं. पुढे २००८-०९ च्या सुमारास नवी मांडणी आली: पोस्टग्रेएसक्यूएल-बेस, पोस्टग्रेएसक्यूएल-सर्व्हर आणि पोस्टग्रेएसक्यूएल-डॉक्स. तिची खरी मोठी देणगी स्लॉट ही होती. ८.३ आणि ८.४ एकाच मशीनवर शेजारीशेजारी राहू लागले. प्रत्येक स्लॉटची लायब्ररी आणि प्रोग्राम आपापल्या डिरेक्टरीत असायचे, आणि चालू स्लॉट कोणता ते ई-सिलेक्ट या साधनानं ठरवायचं. मेजर आवृत्ती बदलताना जुन्या सर्व्हरमधून डेटा काढून नव्यात भरावा लागायचा, त्यामुळे दोन सर्व्हर एकत्र नांदणं ही सोय नसून गरजच होती. स्लॉटची ही घडी आजवर टिकली आहे. बेस आणि सर्व्हर ही फाळणी मात्र टिकली नाही.

ती कुठे दुखत होती ते सर्व्हरच्या ईबिल्डमधल्या एका डिपेंडन्सीच्या, म्हणजे आधी काय बसलेलं हवं ते सांगणाऱ्या, ओळीत दिसायचं. त्या ओळीचा अर्थ असा: मला पोस्टग्रेएसक्यूएल-बेस हवं, नेमकी माझीच आवृत्ती हवी, माझाच स्लॉट हवा, आणि कर्बेरॉस व पॅम (ओळख तपासण्याच्या दोन व्यवस्था), जुने टाइमस्टॅम्प या बाबतीत त्याचे फ्लॅग, म्हणजे बांधताना चालू-बंद करायचे पर्याय, माझ्याशी जुळलेले हवेत. यातला टाइमस्टॅम्पचा फ्लॅग बघण्यासारखा आहे. पोस्टग्रेस पूर्वी तारीख-वेळ फ्लोटिंग पॉइंटमध्ये ठेवायचा. ८.४ पासून, म्हणजे २००९ पासून, ६४ बिटांचा पूर्णांक हा डीफॉल्ट झाला, आणि जुनी रीत २०१७ मध्ये १० या आवृत्तीत काढून टाकली गेली. मधली आठ वर्षं बांधणाऱ्याला यातलं एक निवडता यायचं. ती निवड कंपाइलच्या वेळी होत असे आणि तिचा परिणाम सर्व्हरपुरता राहत नसे, ती ईसीपीजीसारख्या क्लायंट बाजूच्या कोडमध्येही उतरायची. दोन ईबिल्डमध्ये हा फ्लॅग वेगळा पडला तर एकाच मशीनवर एकाच आवृत्तीचे दोन अर्धे भाग तारखेबद्दल वेगळी समजूत बाळगून बसले असते.

आवृत्ती तीच, स्लॉट तोच, फ्लॅग तेच. मग वेगळं उरलं काय? सर्व्हरच्या मशीनवर ही दोन पॅकेजं नावापुरतीच वेगळी होती. बेसवर पॅमचा फ्लॅग बदलला की पोर्टेज सर्व्हरवरही तो बदला म्हणून अडून बसायचं. टारबॉल दोनदा उघडायचा, कॉन्फिगर दोनदा धावायचं. मेंटेनरलाही प्रत्येक मालिकेसाठी दोन पॅच सांभाळावे लागायचे: एक सर्व्हर वगळून बेस उरवणारा आणि दुसरा बेस वगळून सर्व्हर उरवणारा. फायदा होता तो फक्त क्लायंटपुरत्या मशीनचा, कारण तिथे बॅकएंडचं कंपाइल टळायचं.

मग त्या लोकांनी हे असं केलंच का? आज मागे वळून नाक मुरडणं सोपं आहे, पण त्या काळी दुसरा धड मार्ग नव्हता. ईबिल्डची भाषा ईएपीआय नावाच्या नियमावलीच्या आवृत्त्यांनी वाढत गेली आहे. स्लॉटवर डिपेंडन्सी आणि फ्लॅगचा डीफॉल्ट लिहिण्याची सोय ईएपीआय १ मध्ये आली, २००७ च्या अखेरीस. एखादं पॅकेज अमुक फ्लॅगसह बांधलेलं हवं हे डिपेंडन्सीतच सांगता येणं ईएपीआय २ मध्ये शक्य झालं, सप्टेंबर २००८ मध्ये. त्याआधी ईबिल्डला सर्व्हरसकट पोस्टग्रेस हवा असं म्हणायचं झालं तर सेटअपच्या टप्प्यात जाऊन बसवलेल्या पॅकेजचे फ्लॅग तपासायचे आणि जुळले नाहीत तर तिथेच मरायचं, एवढंच हातात होतं. रात्री अपडेट लावून झोपलेल्या माणसाला सकाळी अर्ध्यावर मेलेला बिल्ड आणि त्याखाली फ्लॅग बदला अशी लाल ओळ दिसायची. पोर्टेजला डिपेंडन्सी सोडवताना यातलं काहीच कळायचं नाही.

अशा काळात क्लायंट आणि सर्व्हर यांतला भेद पोर्टेजला समजेल असा सांगायचा एकच मार्ग होता: पॅकेजचं नाव. ज्याला सर्व्हर लागतो तो सर्व्हर नावाच्या पॅकेजवर अवलंबून राहील, पीएचपी बेसवर अवलंबून राहील. डिपेंडन्सीच्या भाषेत जे मांडता येत नव्हतं ते पॅकेजच्या नावात मांडलं गेलं. त्यामुळे फाळणी चूक होती असं मी म्हणणार नाही. ती एका अपुऱ्या भाषेत शोधलेली वाट होती, आणि भाषा पुरी झाल्यावर ती सोडून देणंही बरोबरच होतं.

भाषा पुरी व्हायला २०११-१२ उजाडलं. ईएपीआय ४ मध्ये एक छोटी पण या प्रकरणात कळीची सोय आली: ज्या आवृत्तीत तो फ्लॅगच नाही तिथे तो चालू धरायचा की बंद, हे डिपेंडन्सीत सांगता येऊ लागलं. जुन्या आणि नव्या ईबिल्डच्या सरमिसळीत फ्लॅग जन्माला घालायचा असेल तर याच्याशिवाय हात बांधलेले असतात. ईएपीआय ५ मध्ये स्लॉट ऑपरेटर आले, म्हणजे कोणताही स्लॉट चालेल की ज्याच्याशी बांधलं तोच स्लॉट हवा, हा फरक लिहिता येऊ लागला.

२०१५ च्या आसपास तिन्ही पॅकेजं परत एका नावाखाली आली. नव्या ईबिल्डमध्ये सर्व्हर नावाचा फ्लॅग आहे आणि तो डीफॉल्टनं चालू असतो. तो बंद केला की सर्व्हरचे भाग वगळणारा पॅच लागतो. बेस उरवण्याच्या पॅचचाच हा वारस, पण त्याचा जोडीदार आता लागत नाही. जुनी तीन नावं त्याच स्लॉटवर नांदू नयेत म्हणून ती ब्लॉक केलेली होती. पीएचपी, पायथनचा सायकोपीजी वगैरे मंडळी कोणत्याही स्लॉटचा पोस्टग्रेस मागतात आणि सर्व्हर फ्लॅगबद्दल काही बोलत नाहीत. पोस्ट-जीआयएससारखं एक्स्टेन्शन मात्र सर्व्हर चालूच हवा असं स्पष्ट सांगतं, आणि ते लिहिण्यासाठी पोस्टग्रेसच्या ईक्लासमध्ये, म्हणजे अनेक ईबिल्डनी वापरायच्या सामाईक फाइलीत, वेगळी सोय आहे.

फ्लॅगला होकारार्थी नाव दिलं हे मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. जेंटूतच याची उलटी उदाहरणं आहेत. मायएसक्यूएलच्या ईबिल्डमध्ये बराच काळ फक्त क्लायंट हवा असेल तर मिनिमल हा फ्लॅग चालू करावा लागायचा. मिनिमल हा सगळ्या पॅकेजांच्या झाडभर चालणारा फ्लॅग, त्यामुळे कोणी तो दुसऱ्याच पॅकेजसाठी सरसकट चालू केला की त्या फटक्यात डेटाबेसचा सर्व्हरही गायब. बॅकअप घेणाऱ्या बॅक्युलाचे फ्लॅग तर क्लायंटओन्ली, नोडिर, नोएसडी असे आहेत. नोडिर बंद असणं म्हणजे डायरेक्टर (त्याचा मुख्य भाग) असणं, हे डोक्यात उलटंसुलटं करत बसावं लागतं. फ्लॅग चालू केला की काहीतरी मिळावं, जाऊ नये, इतका साधा नियम आहे. मायएसक्यूएलमधून निघालेली मारियाडीबी पुढे सर्व्हर याच फ्लॅगवर आली.

विलीनीकरणाची किंमतही आहे, आणि ती बहुतेक क्लायंटवाल्याच भरतात. डीफॉल्ट चालू असल्यामुळे पीएचपीवर पोस्टग्रेस फ्लॅग लावणाऱ्या आणि बाकी काही न पाहणाऱ्या माणसाच्या मशीनवर अख्खा बॅकएंड कंपाइल होतो. धोका म्हणाल तर फार नाही: डेबियनवर सर्व्हरचं पॅकेज टाकताच डेटाबेस तयार होऊन चालूही होतो, तसं जेंटूत होत नाही. तिथे डेटा डिरेक्टरी स्वतः पोर्टेजच्या ई-मर्ज या आदेशाच्या कॉन्फिग टप्प्यातून बनवावी लागते आणि सर्व्हिस स्वतः चालू करावी लागते. पण वेळ आणि जागा जातेच. सुरक्षेच्या सूचनांचंही असंच. जेंटूची सूचना पॅकेज आणि आवृत्ती यांवर चालते, फ्लॅगवर नाही. दोष बॅकएंडमध्ये असला तरी क्लायंटपुरत्या मशीनलाही आवृत्ती धोक्यात असल्याचा इशारा मिळतो. पोस्टग्रेसच्या किरकोळ दुरुस्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये ठरल्याप्रमाणे येतात, आणि दर तिमाहीला लिबपीक्यूपुरत्या मशीनचंही पॅकेज पुन्हा बांधलं जातं, लिबपीक्यूत एक ओळ बदललेली नसली तरी. आणि ती लायब्ररी तशी निवांत आहे: तिचा सोनेम, म्हणजे जोडणीसाठी पाहिला जाणारा आवृत्ती-क्रमांक, २००६ च्या अखेरीस आलेल्या ८.२ पासून पाचच आहे.

तयार बायनरी पॅकेजं वापरणाऱ्यांना ही किंमत आणखी विचित्र रीतीनं मोजावी लागते. डिसेंबर २०२३ च्या शेवटी जेंटूनं एएमडी६४ आणि आर्म६४ प्रोसेसरांसाठी अधिकृत बायनरी पॅकेजं मोठ्या प्रमाणावर द्यायला सुरुवात केली. ती ठरावीक फ्लॅगवर बांधलेली असतात. तुमचे फ्लॅग जुळले नाहीत तर पोर्टेज तयार पॅकेज बाजूला ठेवून घरीच कंपाइल करतं. म्हणजे सर्व्हरसकट सगळं घेणाऱ्याला मिनिटात पॅकेज मिळणार, आणि मला कमी हवं म्हणणारा कंपायलर चालवत बसणार! बॅकएंड टाळून वेळ वाचवणं हा ज्या फ्लॅगचा हेतू, तोच इथे वेळ घालवतो. आपल्या ऑफिसातल्या मशीनसाठी स्वतः बिल्ड मशीन ठेवणाऱ्यांना दुसरी अडचण येते: फ्लॅग वेगळे असले तरी नाव आणि आवृत्ती तीच, त्यामुळे जुन्या पद्धतीत डेटाबेस मशीनचं पॅकेज वेब मशीनच्या पॅकेजवर चढून बसायचं. पोर्टेजमध्ये एकाच आवृत्तीच्या अनेक बांधण्या शेजारी ठेवण्याची मल्टी-इन्स्टन्स नावाची सोय आहे, ती चालू असेल तर हा प्रश्न सुटतो.

फ्रीबीएसडीची पोर्ट्स ही पॅकेज बांधण्याची व्यवस्था लिनक्स नाही, पण सोर्समधून बांधण्याच्या बाबतीत जेंटूची थोरली नातलग, म्हणून तिची आठवण होते. तिथे पोस्टग्रेसचा क्लायंट आणि सर्व्हर आजही वेगळी पोर्ट्स आहेत आणि दोन्ही त्याच टारबॉलमधून बांधली जातात. मला तरी याचं कारण सरळ दिसतं: पोर्ट्समध्ये पर्याय आहेत, पण अमुक पर्यायासह बांधलेलं पॅकेज हवं अशी डिपेंडन्सी जेंटूसारखी लिहिता येत नाही, आणि बहुतेक लोक तयार पॅकेजंच उतरवतात. २००८ पूर्वीच्या जेंटूची जी स्थिती, तिथून निघालेलं उत्तरही तेच.

मग सोर्सवाल्या डिस्ट्रोनं कधीच वेगळं पॅकेज करू नये का? करावं, जिथे मूळ प्रकल्पानंच कात्री चालवली असेल तिथे. मारियाडीबीचा सी कनेक्टर हा वेगळा टारबॉल आहे, वेगळ्या आवृत्त्यांचा. त्याचं वेगळं ईबिल्ड करायला काहीच खर्च येत नाही. विंडोजशी फाइली वाटून घेणाऱ्या सांबामधली सीआयएफएस माउंट करणारी साधनं २०१० मध्ये मूळ प्रकल्पानंच सीआयएफएस-युटिल्स म्हणून वेगळी काढली, ती वेगळीच राहिली. उलट सांबाचे जेंटूनं स्वतः पाडलेले लायब्ररी, क्लायंट आणि सर्व्हर हे तीन तुकडे फार दिवस टिकले नाहीत. लिबपीक्यूचा स्वतंत्र टारबॉल पोस्टग्रेसनं उद्या काढला तर जेंटूतही ती दुसऱ्या दिवशी वेगळी होईल. तशी चिन्हं नाहीत.

आज वेब मशीनवर करायचं ते एवढंच: पोर्टेजच्या पॅकेज-यूज फाइलीत पोस्टग्रेससमोर सर्व्हर फ्लॅग बंद करणारी एक ओळ. डेटाबेसच्या मशीनवर वर्ल्ड फाइलीत, म्हणजे आपण स्वतः मागितलेल्या पॅकेजांच्या यादीत, पॅकेजचं नाव स्लॉटसकट लिहावं, नुसतं नाव नको. नुसतं नाव असेल तर नवा मेजर स्लॉट आला की पोर्टेज तो बसवतं, आणि बिनकामाची पॅकेजं काढणाऱ्या डीपक्लीनला जुना स्लॉट अडगळ वाटू लागतो, जरी तुमचा सगळा डेटा त्याच स्लॉटच्या डिरेक्टरीत पडलेला असला तरी.

बॅकअपच्या मशीनकडे मात्र लोकांचं लक्ष जात नाही. तिथे सर्व्हर नको, पीजी-डंप हवा, म्हणून फ्लॅग बंद असतो, आणि मशीन वर्षानुवर्षं जुन्या स्लॉटवर राहतं. पीजी-डंप आपल्याहून जुन्या सर्व्हरचा डेटा काढून देतो, पण सर्व्हरची मेजर आवृत्ती त्याच्याहून नवी असेल तर साफ नकार देतो. डेटाबेस १५ वरून १६ वर नेण्याआधी बॅकअप मशीनवर १६ चा स्लॉट बसवायचा, फ्लॅग बंदच ठेवून, आणि ई-सिलेक्टनं त्याच्याकडे वळवायचं.